सिद्धता वेगळी, पुरावा वेगळा: देवळाली, द्राक्षबाग आणि पांडवलेणी

देवळालीच्या एका शाळामास्तरांनी शोधलेला एक आकडा जगभर माहीत आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत औषधांच्या चाचण्या होत असतात. आणि नाशिकजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या पांडवलेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. या तिन्हींबद्दल बोलताना आपण एकच वाक्य वापरतो, ‘हे सिद्ध झालंय.’ खरं तर ते फक्त पहिल्या ठिकाणी शोभतं. उरलेल्या दोन ठिकाणी असतो तो पुरावा. तो काही खालच्या प्रतीचा नसतो, पण त्याची जातच निराळी.

शाळेतल्या भूमितीची वही आठवा: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्षात जे दिलंय ते मान्य करायचं, व्याख्या ठरलेल्या, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून निघाली पाहिजे. एकदा साध्य गाठलं की विषय संपला. शंभर वर्षांनी नवी आकृती काढून कोणी ते खोडू शकत नाही. पुराव्याचं तसं नसतं. तो जमा होतो, वजन वाढवतो, कधी कमीही करतो. उद्या नवा पुरावा आला तर निष्कर्ष बदलावा लागतो, आणि तसा तो बदलता येणं हीच त्या शास्त्राची शिस्त असते.

आधी आकडा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीत शिक्षक होते. त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ची गंमत मांडली. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यावर ती जगभर गेली. रीत अशी: चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊ, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येतो. इथे मुलं हमखास एक चूक करतात. २१११ घेतला की २१११ − १११२ = ९९९ येतात आणि मुलं पुढे ९९९ − ९९९ = ० करून ‘नियम मोडला’ म्हणतात. पुढचं शून्य हा अंकच आहे; उत्तर ०९९९ लिहायचं, मग ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि गाडी रुळावर येते.

आता कोणी गाड्यांच्या पन्नास नंबरप्लेट घेऊन पन्नास वेळा ६१७४ आणला, तर त्याला सिद्धता म्हणायचं का? नाही. तो पन्नास वेळा मिळालेला पुरावा. सिद्धता अशी करायची: उतरत्या क्रमातल्या अंकांना अ, ब, क, ड म्हणा. वजाबाकी मांडली की ती नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. म्हणजे सुरुवातीची संख्या कोणतीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. (अ − ड) हा १ ते ९ पैकी काहीतरी, आणि (ब − क) शून्यापासून फार तर (अ − ड) इतका. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० = ५४ होतात. सुरुवातीची शून्यं धरून सुरुवातीच्या संख्या ९,९९० आहेत, पण पहिल्या वजाबाकीनंतर त्या सगळ्या या ५४ संख्यांतच येऊन पडतात. त्या ५४ ओळी वहीत एकेक करून पुढे न्यायच्या. प्रत्येक ओळ आणखी सहा पायऱ्यांच्या आत ६१७४ला पोचते. पहिली एक आणि ह्या सहा, जास्तीत जास्त सात. ही सिद्धता, कारण एकही संख्या तपासायची राहिली नाही.

तपासणी मोठी असली की ती सिद्धता होते, असा गैरसमज इथे होऊ शकतो. प्रश्न आकाराचा नसून शेवटाचा आहे. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गणितज्ञ गोल्डबाखची १७४२ सालची अटकळ. संगणकाने ती ४वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झाली, कुठेही मोडली नाही. तरी ती अटकळच आहे, कारण सम संख्या संपत नाहीत. उलट वहीतल्या ५४ ओळींनी काम पुरं झालं, कारण त्या ५४च होत्या. आणि मोठ्या तपासणीवर विसंबणारे तोंडघशी पडल्याची उदाहरणंही आहेत. १९१९ साली गणितज्ञ पोल्याने मूळ अवयवांच्या संख्येबद्दल एक अटकळ मांडली होती. ती कोट्यवधी संख्यांपर्यंत बिनचूक चालते आणि पहिल्यांदा मोडते ती ९०,६१,५०,२५७ वर. कापरेकरांच्या रीतीत तर इतकं लांब जायलाही नको. तीन अंकांना ४९५ मिळतो, चारांना ६१७४, म्हणून पाचांनाही एखादा मिळेल असं कोणालाही वाटेल. पण पाच अंकांना असा आकडाच नाही. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, अशा फेऱ्यांत संख्या अडकतात.

सिद्धतेची आणखी एक ताकद पुराव्यात सहसा नसते: ‘असं काही नाहीच’ हे ती ठामपणे सांगू शकते. कापरेकरांनी ‘देवळाली संख्या’ असं नाव दिलेला एक प्रकार आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती देवळाली संख्या. २० ही तशी आहे. का? एकअंकी संख्येत तीच मिळवली तर फार तर १८ होतात. दहा ते एकोणीसमध्ये १० + म या संख्येत (१ + म) मिळवले की ११ + २म, म्हणजे कायम विषम. वीस आणि त्यापुढच्या संख्या तर वीसच्या पार जातात. तीन ओळींत काम झालं. बागेत केवडा (द्राक्षवेलीवरचा रोग) नाही हे इतक्या खात्रीने कोणी सांगून दाखवावं.

बागेतली शितं

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण चालते, कारण पातेल्यातला भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. द्राक्षबाग म्हणजे पातेलं नव्हे. ड्रीपच्या टोकाला पाणी कमी, बांधाकडची जमीन भारी, ओढ्याच्या बाजूला दव जास्त. फळासाठी करतात त्या गोडी छाटणीनंतर पोंगा (डोळे फुटणं) ते फुलोरा या दिवसांत पाऊस झाला की केवडा, म्हणजे डाऊनी, कुठे जास्त आणि कुठे कमी येतो ते या सगळ्यावर ठरतं. म्हणून ‘अर्ध्या बागेत नवं औषध मारलं, अर्ध्यात जुनं, नव्याकडे रोग कमी’ हा फारच लंगडा पुरावा. ते अर्धं कदाचित मुळातच कोरडं असेल.

रीतसर चाचणी अशी लावतात. समजा चार उपचार आहेत: नवं औषध दोन मात्रांत, प्रचलित औषध, आणि काहीच न फवारलेला. बागेचे उताराच्या आडवे पाच गट पाडायचे, प्रत्येक गटात चार प्लॉट, आणि कोणत्या प्लॉटला कोणता उपचार हे प्रत्येक गटात स्वतंत्र चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. एकूण २० प्लॉट. असं केलं की योगायोगाने पडणाऱ्या फरकाच्या अंदाजासाठी (४ − १) × (५ − १) = १२ स्वातंत्र्य-कोटी (एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तुलना) उरतात; कृषी संख्याशास्त्राच्या वर्गात किमान म्हणून हाच आकडा सांगतात. दोन प्लॉटच्या मध्ये मोजणीत न धरायच्या ओळी ठेवायच्या, नाहीतर वाऱ्याने शेजारचं औषध इकडे येतं आणि न फवारलेला प्लॉटही निरोगी दिसतो. मग ठरलेल्या दिवशी प्रत्येक प्लॉटमधली पानं ० ते ९ या श्रेणीत मोजायची. १०० पानांच्या श्रेणींची बेरीज १८० आली, तर रोगाचं प्रमाण १८० × १०० ÷ (१०० × ९) = २० टक्के. मोजणाऱ्याला प्लॉटचा उपचार माहीत नसेल तर उत्तम. माहीत असला की नव्या औषधाच्या पानावर डोळा नकळत माया करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. एकाच मोठ्या प्लॉटमधल्या दोनशे वेली मोजून ‘दोनशे नमुने’ म्हणणं. त्या वेलींची जमीन एक, पाणी एक, फवारणी एक. म्हणजे पुरावा एकच, तो फक्त दोनशे वेळा मोजला. दुसरी चूक कोरड्या वर्षाची. केवडा आलाच नाही, तर सगळीच औषधं गुणकारी ठरतात आणि पाणीसुद्धा.

शेवटी ‘पाच टक्के पातळीवर फरक लक्षणीय’ असं लिहितात, त्याचा अर्थ भलताच घेतला जातो. ‘औषध चालतं याची ९५ टक्के खात्री’ असा तो नाही. औषध पूर्ण निरुपयोगी असतं तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. वीस निरुपयोगी औषधं तपासली तर सरासरी एक ‘लक्षणीय’ निघणारच. म्हणून दुसरा हंगाम, दुसरी जमीन, दुसरी चमू.

लेण्यातला हिशेब

इतिहासाला पुन्हा चाचणी लावता येत नाही. जे उरलं तेवढ्यावरच काम. म्हणून तिथे पुराव्याची मोजणी कमी आणि उलटतपासणी जास्त.

पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने ३,००० कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) ठेवली: २,००० एकीकडे शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. लेखातला शब्द ‘पायून’ आहे. आपला ‘पाऊण’ तोच. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं, कापडासाठी. आता शेकडा एक म्हणजे वर्षाला की महिन्याला? वर्षाला धरलं तर व्याज २० येतं, माणशी एक. महिन्याला धरलं तर वर्षाचे २४०, आणि २० × १२ बरोबर २४०. हिशेब चोख बसतो, म्हणून दर महिन्याचा मानायचा.

इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंततात ते दिसतं. २,००० वर महिना एक टक्क्याने वर्षाला २४० हे अंकगणित, त्यात वाद नाही. पण ‘सगळं व्याज याच २० जणांत वाटलं जायचं’ हे आपण गृहीत धरलंय, आणि ते पुराव्यावर उभं आहे. गणिताचा काटेकोरपणा या गृहीताला लागू होत नाही. त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या भावाने ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण असंही आहे. तिथेही भागाकार नेमका बसतो, त्यामुळे आकडे नीट वाचले गेलेत यावर भरवसा वाढतो.

वाचन हाच मुळात पहिला पुरावा. दगड ब्रशने साफ करून ओला कागद चिकटवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात, वरून शाईचा बोळा फिरवतात, वाळल्यावर कागद सोडवतात. खाचा पांढऱ्या राहतात. घाईत सोडवला तर कागद फाटतो, शाई जास्त झाली तर ती खाचेत उतरते. हे लेख ज्या लिपीत आहेत त्या ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे एक टिंब. दगडाचा टवका उडालेला खड्डाही टिंबासारखाच दिसतो. म्हणून वादाच्या अक्षरासाठी ठशावर भागत नाही, तिरक्या उजेडात दगडच पाहावा लागतो.

आता मोठा दावा: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षीचा लेख तसं सांगतो. पण आईने मुलाची केलेली प्रशस्ती ती. त्याच लेखात त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली असंही आहे, आणि त्यावरून कोणी राज्याच्या सीमा आखत नाही. मग पाडावाचं विधान तरी का मानायचं? कारण दुसरे दोन साक्षीदार या लेखावर अवलंबून नाहीत. गौतमीपुत्राच्या स्वतःच्या राज्याच्या १८व्या वर्षीच्या आज्ञेत, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. आणि १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला: १३ हजारांवर नाणी, त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला. खाली नहपान, वर गौतमीपुत्र. हा क्रम उलटा होऊच शकत नाही. प्रशस्तीत फुशारकी असते, शेताच्या नोंदीत ती कशाला असेल? तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, पण तिघांना तसं करायला लावणारं कारण एक नाही. द्राक्षबागेत ज्याला स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणतात, त्याची ही इतिहासातली सोय.

पण तारीख मात्र लोंबकळत राहते. उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षं आहेत. ती शकाची मानली तर ४२ म्हणजे इ.स. १२०च्या आसपास. ती नहपानाच्या राज्यारोहणापासूनची मानली तर सगळी कालगणना मागे सरकते. नाण्यांवरचे छाप क्रम सांगतात, मधलं अंतर नाही. त्यामुळे ‘पाडाव केला’ आणि ‘अमुक साली केला’ या दोन विधानांचं वजन सारखं नाही, जरी पाठ्यपुस्तकात ती एकाच वाक्यात येत असली.

आणि दुसऱ्या ठेवीचं काय? १,००० वर महिना पाऊण टक्का, वर्षाचे ९०. ते ‘कुशणमूल’ म्हणून द्यायचे असं लेखात आहे. कोणी तो शब्द भिक्षूंच्या वरखर्चाशी जोडतं, कोणी कुषाणांच्या नाण्याशी. आकडा चोख बसला, शब्द अजून बसलेला नाही.