टोकावरचा एक ग्रॅम

उन्हाळा लागला की वैनगंगेची धार बारीक होत जाते आणि मासे डोहांमध्ये एकवटतात. भर दुपारी पाण्याचा वरचा थर तापलेला असतो. अशा वेळी खालच्या, तुलनेने गार पाण्यात थांबलेल्या माशापर्यंत आमिष पोचवायचे असेल, तर ते बुडाले पाहिजे आणि झटपट बुडाले पाहिजे. ढिवरांच्या फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात त्या यासाठीच. साध्या गळालाही शिशाचा तुकडा बांधला की काम भागते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र हाच सरळ उपाय एक नवी अडचण उभी करतो. तिचे मूळ फेकणाऱ्याच्या मनगटात कमी आणि यामिकीच्या नियमांत अधिक आहे.

फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून तयार केलेले कीटकाचे किंवा लहान माशाचे सोंग. साध्या फ्लायचे वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते, त्यामुळे ती हाताने भिरकावली तर दोन हातांवरच पडेल. नेहमीच्या गळात टोकाचे वजन पुढे जाते आणि बारीक दोरीला आपल्यामागे ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये याच्या नेमके उलट घडते. येथे वजन दोरीत असते आणि दोरी फ्लायला वाहून नेते. म्हणूनच फ्लाय लाइन जाड असते, तिच्यावर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो आणि तिची प्रतवारी वजनावरून केली जाते. पहिल्या ३० फुटांचे, म्हणजे ९.१४ मीटरचे वजन सुमारे ९ ग्रॅम असेल तर ती पाच क्रमांकाची लाइन, आणि साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असेल तर आठ क्रमांकाची. पाच क्रमांकाच्या लाइनचे वजन त्यामुळे दर मीटरला जवळजवळ एक ग्रॅम पडते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

पाण्यात बुडवण्यासाठी फ्लायला वजन अनेक प्रकारे देता येते. गळाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळतात, डोक्याशी पितळेचा किंवा टंगस्टनचा मणी ओवतात, किंवा दोन गोळ्या जोडलेला डंबेलच्या आकाराचा तुकडा डोळ्यांच्या जागी बांधतात. टंगस्टनचा ५ मिलिमीटर व्यासाचा मणी घेतला, तर त्याचे भोक वगळूनही वजन एक ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे मिरीच्या दाण्याएवढ्या जागेत आपण पाच क्रमांकाच्या लाइनचा एक अख्खा मीटर कोंबला, आणि तोही लाइनच्या सर्वांत शेवटच्या, सर्वांत नाजूक टोकाला. एक ग्रॅम हे वजन म्हणून काहीच नाही. अडचण होते ती हे वजन एका बिंदूत गोळा झाल्यामुळे.

फेकताना हवेत काय घडते ते पाहू. रॉड, म्हणजे फेकण्याची लवचिक काठी, पुढे नेऊन अचानक थांबवला की लाइनचा वरचा भाग पुढे धावत राहतो, खालचा भाग रॉडच्या टोकाशी जवळजवळ स्थिर असतो, आणि या दोहोंना जोडणारा वाकलेला भाग पुढे सरकत जातो. या वाकलेल्या भागाला लूप म्हणतात. लाइन पूर्ण उलगडली की लूप संपतो आणि फ्लाय पाण्यावर उतरते. वरच्या भागाचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरला, तर लूप त्याच्या निम्म्या वेगाने, सेकंदाला १० मीटरने सरकतो. आता आपणही लूपच्या सोबतीने धावत आहोत अशी कल्पना करावी. आपल्याला लाइन सेकंदाला १० मीटर वेगाने एका बाजूने लूपमध्ये शिरताना, वळताना आणि दुसऱ्या बाजूने त्याच वेगाने बाहेर पडताना दिसेल. या वळणासाठी लाइनमध्ये ताण लागतो. तो दर मीटरच्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणले की मिळतो. पाच क्रमांकाच्या लाइनसाठी तो ०.१ न्यूटन, म्हणजे हाताला १० ग्रॅम वजन टांगल्यावर जाणवेल एवढा निघतो.

या हिशेबात लूपची त्रिज्या कुठेच आली नाही. लूप अरुंद असो वा रुंद, समान जाडीच्या लाइनला वळण्यासाठी तेवढाच ताण पुरतो, आणि अरुंद लूपला हवेचा अडथळा कमी होतो. म्हणूनच हलक्या फ्लायसाठी शिकवणारे अरुंद, टोकदार लूपचा आग्रह धरतात आणि ते योग्यच आहे.

एका बिंदूत साठलेल्या वजनाचे गणित मात्र वेगळे असते. शाळेत शिकलेले अभिकेंद्री बलाचे सूत्र येथे लागू होते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. फ्लाय एक ग्रॅमची आणि लूपची त्रिज्या २५ सेंटिमीटर असेल, तर फ्लायला वळवण्यासाठी ०.४ न्यूटन, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे चाळीसपट बल लागते. लाइनमध्ये उपलब्ध असलेला ताण त्याचा चौथा हिस्सा आहे. तेव्हा फ्लाय लूपच्या आखलेल्या वाटेने वळत नाही. ती सरळ पुढे निघून जाते, वाटेत लाइनला आपल्यामागे ओढते, आणि लाइन संपल्यावर झटका खाऊन खाली आदळते. त्रिज्या दुप्पट केली की लागणारे बल निम्मे होते. ज्या त्रिज्येला दोन्ही आकडे जुळतात ती फ्लायच्या वस्तुमानाला लाइनच्या दर मीटर वस्तुमानाने भागून मिळते: पाच क्रमांकाच्या लाइनसाठी एक मीटर, आठ क्रमांकाच्या लाइनसाठी सुमारे ६७ सेंटिमीटर. हा हिशेब ठोकळ आहे, त्यात हवेचा अडथळा धरलेला नाही आणि दोन मीटर उंचीचा लूप प्रत्यक्षात कुणी करू धजणार नाही. तरीही अनुभवी माणसे जड फ्लायसाठी लूप मोकळा ठेवा आणि जाड लाइन वापरा असे जे दोन सल्ले देतात, त्यांचे कारण या एका भागाकारात सापडते.

लीडरमुळे परिस्थिती आणखी बिकट होते. लाइन आणि फ्लाय यांच्यामध्ये नायलॉनचा निमुळता होत जाणारा लीडर असतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या नायलॉनचे वजन मीटरला पाव ग्रॅमही भरत नाही, आणि टोकाशी तो याहूनही पुष्कळ बारीक असतो. हलकी फ्लाय अलगद उतरावी म्हणून त्याची लांबी मुद्दाम वाढवतात, कारण त्या निमुळत्या भागात उरलीसुरली ऊर्जा हळूहळू खर्च होते. जड फ्लायला इतक्या नाजूक धाग्याने वळवणे जमत नाही, तेव्हा लीडर आखूड आणि त्याचा सुरुवातीचा भाग जाड ठेवणे शहाणपणाचे. गढूळ पाण्याच्या तलावात मासा लीडर पाहून बिचकेल ही भीती तशीही फारशी बाळगण्याचे कारण नाही.

पुढच्या फेकीपेक्षा मागची फेक, म्हणजे बॅककास्ट, अधिक घात करते, कारण ती डोळ्यांआड होते. एक ग्रॅमची फ्लाय सेकंदाला २० मीटर वेगाने मागे जाते तेव्हा तिच्यात ०.२ ज्यूल गतिज ऊर्जा असते, म्हणजे ०.०५ ग्रॅमच्या फ्लायच्या वीसपट. लाइन ताठ झाली की ही ऊर्जा लाइनच्या गाभ्याला ताणते, आणि ताणलेला गाभा फ्लायला उलट पुढे खेचतो. लाइन ढिली पडते, आणि नेमक्या त्याच वेळी फेकणारा रॉड पुढे न्यायला लागतो. रॉडचा पहिला अर्धा प्रवास ढील गोळा करण्यातच जातो, तो वाकतच नाही, आणि मग एकदम हिसका बसतो. याउलट ढील टाळण्यासाठी जास्त वेळ थांबावे, तर गुरुत्वाकर्षण आपले काम करते. हवेचा अडथळा सोडला तर मोकळी वस्तू अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर आणि एका सेकंदात ४.९ मीटर खाली येते. लाइन पातळ आणि लांबट असल्याने हवा तिला बऱ्यापैकी सावरते, पण टंगस्टनच्या मण्याला सावरत नाही. तलावाच्या पाळीवर उभे राहणाऱ्याच्या मागे बहुधा बेशरमाची झुडपे असतात, आणि खाली उतरलेली फ्लाय त्यांतच अडकते.

यावर फेकणाऱ्यांनी शोधलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. बॅककास्ट डोक्यावरून न नेता रॉड आडवा करून बाजूने, जमिनीला जवळजवळ समांतर न्यायचा. मागे पोचल्यावर न थांबता त्याला गोलाकार वर वळवायचे, आणि त्याच ओघात उंचावरून पुढे फेकायचे. रॉडचे टोक लंबवर्तुळ काढते म्हणून याला ओव्हल कास्ट, किंवा बेल्जियन कास्ट म्हणतात. यात फ्लायला सरळ रेषेत मागे जाऊन थांबण्याची पाळीच येत नाही. ती सतत वळत राहते, त्यामुळे लाइन सतत ताणलेली राहते आणि रॉड अखंड वाकलेला राहतो. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण दगड फिरता असेपर्यंत गोफणीची दोरी कधी ढिली पडत नाही. फरक एवढाच, की गोफणीतून दगड सुटतो आणि येथे फ्लाय दोरीलाच बांधलेली राहते. शिवाय जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असल्याने फ्लाय रॉडवर आपटण्याचा धोका कमी होतो. हा धोका किरकोळ नाही. कार्बन तंतूंच्या रॉडला धातूचा मणी वेगाने लागला की वरून न दिसणारी चीर पडते, आणि पुढे कधीतरी मासा ओढत असताना रॉड तिथेच तुटतो.

खोल गेलेली फ्लाय एका झटक्यात उपसून पुन्हा फेकणे ही नवशिक्याची सर्वसाधारण चूक. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. पाण्याखाली फ्लाय अडकल्यासारखी जड लागते, रॉड खोलवर वाकतो, आणि मणी पृष्ठभाग फोडून बाहेर येताच तो सगळा अडथळा नाहीसा होऊन फ्लाय गोळीसारखी थेट फेकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. आधी लाइन हळूहळू ओढून घ्यावी, मग एक छोटी रोल कास्ट करून, म्हणजे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे गुंडाळत टाकून, फ्लाय पृष्ठभागावर आणावी, आणि तेथून बॅककास्ट सुरू करावी. पाण्याने लाइनला धरून ठेवलेला हलका विरोध रॉड वाकवायला उपयोगीही पडतो.

वाऱ्याचा विचार आपल्याकडे उन्हाळ्यात करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात दुपारचे गरम वारे बहुतेक पश्चिमेच्या किंवा वायव्येच्या बाजूने वाहतात. उजव्या हाताने फेकणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा असेल, तर पश्चिम त्याच्या उजव्या हाताला येते आणि वारा जड फ्लायला सरळ त्याच्या कानाकडे ढकलतो. अशा वेळी तलावाची दुसरी पाळ गाठावी, किंवा पाण्याकडे पाठ करून बॅककास्टनेच फ्लाय पाण्यात सोडावी. चष्मा आणि रुंद काठाची टोपी या वस्तू ऐच्छिक समजू नयेत, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो कातडीत गेलाच तर निघतो तरी.

उष्णतेचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. ४५ अंश सेल्सिअसला हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे लाइनला होणारा अडथळा तेवढाच कमी होतो; पण हा फायदा लाइनच खाऊन टाकते. थंड देशांसाठी बनवलेल्या लाइनवरचा प्लास्टिकचा थर आपल्या उन्हात मऊ पडतो, रॉडच्या कड्यांना चिकटतो आणि नीट सरकत नाही. उष्ण प्रदेशांसाठी कडक थराच्या लाइन वेगळ्या मिळतात, आणि जड फ्लायसाठी तर त्याच घ्याव्यात.

वजन कोणत्या धातूचे, हा प्रश्न फेकण्यापुरताच मर्यादित नाही. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट आणि टंगस्टनची १९.३ पट असते. पाण्याने उचललेला भाग वजा केला, तर त्याच आकाराचा टंगस्टनचा मणी शिशाच्या मण्यापेक्षा सुमारे पावणेदोनपट जोराने खाली ओढला जातो. त्यामुळे तेवढ्याच वेगाने बुडण्यासाठी लहान मणी पुरतो आणि हवेत तो कमी अडतो. पण माझ्या मते खरे कारण दुसरे आहे. पाणपक्षी खाद्य दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि तुटून पडलेली शिशाची गोळी त्यांना खड्यासारखीच दिसते. ब्रिटनमध्ये हंस असे विषबाधेने मरत असल्याचे दिसून आल्यावर १९८७ साली गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. महाराष्ट्रातले सारस गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने टिकून आहेत. तेथे शिसे पाण्यात टाकणे मला समर्थनीय वाटत नाही, टंगस्टन कितीही महाग असला तरी.

वजन गळाच्या कोणत्या बाजूला बांधले आहे, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना नदीवर मासेमारी करणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधले की पाण्यात फ्लाय उलटी होते आणि गळाचे टोक वर राहते. लाइन ओढली की ती पुढे सरकते, थांबवली की डोक्याकडून खाली जाते, आणि तळाच्या दगडगोट्यांत किंवा शेवाळात गुंतत नाही. शिंगाड्याच्या वेलींनी आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांसाठी ही रचना फार सोयीची आहे. मात्र हे तलाव अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी संस्थेची परवानगी घ्यावी.

सरावासाठी पाणी लागतेच असे नाही. फ्लायच्या गळाचे टोक पक्कडीने तोडून टाकावे, म्हणजे माणसाला किंवा गुराला इजा होत नाही. धान कापलेली बांधी मोकळी दिसते म्हणून तिथे मात्र जाऊ नये, कारण कापलेल्या धानाच्या टोकदार खुंटांनी लाइनवरचा थर खरवडला जातो. आखूड गवताचे मैदान बरे. सुरुवातीला सहा-सात मीटरच लाइन बाहेर ठेवावी, एकदा मागे आणि एकदा पुढे एवढ्यावरच थांबावे, आणि पुढची फेक नेहमीपेक्षा थोड्या उंचावर नेम धरून करावी. जड फ्लाय हवेत जितक्या कमी वेळा फिरेल तितके चांगले.