उतरताना पंख असा का उघडतो?

गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्या जेटमध्ये पंखामागची खिडकी मिळाली, तर शेवटची दहा मिनिटं समुद्र सोडून पंखाकडे बघावं. (समुद्र कुठे पळून जात नाही.) आधी घरघर ऐकू येते. मग पंखाची मागची कड बाहेर सरकते, खाली वाकते आणि मधल्या फटीतून चक्क खालचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, दिसतो. नवख्याला वाटतं, काहीतरी निखळलं!

हे फ्लॅप. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. मला विचाराल तर खरी हुशारी इथे आहे.

पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून विमान वर तोललं जातं. पंखावरून हवा वेगाने जाते आणि तिथला दाब घटतो, हेही खरं. पण वरच्या हवेची वाट लांबची, म्हणून ती खालचीला गाठायला धावते, हे शाळेतलं स्पष्टीकरण चूक आहे. तशी गाठ पडतच नाही. वरची हवा आधीच पुढे निघून जाते.

अडचण वेगाची असते. वेग निम्मा झाला की उचल, म्हणजे विमानाला वर तोलणारा जोर, चौथाईवर येते. ताशी 800 किलोमीटरने जाणारं जेट धावपट्टीजवळ 250 च्या आसपास येतं. खालची हवा दाट असल्याने थोडी भरपाई होते, पण पुरत नाही. नाक वर करून उचल वाढवावी, तर साधारण 15 अंशांनंतर हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल कोसळते. फ्लॅपमुळे पंखाचा बाक आणि क्षेत्रफळ दोन्ही वाढतं. त्या फटीही मुद्दाम ठेवलेल्या असतात: खालची जोरकस हवा त्यांतून वर घुसते आणि पाठीवरचा प्रवाह चिकटून राहतो.

पावसाळ्यात आडवा वारा असला की विमान कुर्लीसारखं तिरकं येतं. नाक वाऱ्याकडे, वाटचाल धावपट्टीच्या रेषेत. टेकायच्या बेताला वैमानिक शेपटीवरच्या रडरने, म्हणजे उभ्या हलत्या फळीने, नाक सरळ करतो, आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून टोकाजवळचे एलेरॉन, म्हणजे वरखाली होणाऱ्या पट्ट्या, वापरतो.

चाकं टेकली की पंखावरच्या फळ्या, म्हणजे स्पॉयलर, ताडकन उभ्या राहतात. आता उचल नकोच असते. सगळं वजन चाकांवर आलं तरच ब्रेक धरतात. ओल्या धावपट्टीवर तर विमान मुद्दाम जरा ठाम टेकवतात, म्हणजे टायर पाण्याचा थर कापून जमिनीला लागतात. तेव्हा धक्का बसला म्हणून लगेच पायलटला नावं ठेवू नयेत.