असुरक्षितता निर्देशांक आणि वाचा-उपचार सेवा

एखाद्या वस्तीचे दारिद्र्य, घरांची स्थिती, वाहनांची सोय, वृद्धांचे व अपंगांचे प्रमाण यांविषयीच्या आकडेवारीतून काढलेल्या असुरक्षितता निर्देशांकावरून वाचा-उपचाराची (स्पीच थेरपीची) केंद्रे, तपासण्या व मनुष्यबळ कोठे द्यावे हे ठरविण्याची पद्धती. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात अशी आकडेवारी छोट्या क्षेत्रांच्या पातळीवर तयार मिळते.

या निर्देशांकांचे मूळ दोन प्रवाहांत शोधले जाते. ब्रिटनमध्ये ब्रायन जारमन यांनी १९८३ मध्ये आठ घटकांचा गुणांक मांडला. घटकांचे भार त्यांनी जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या मतांवरून ठरविले होते, म्हणून हा गुणांक दारिद्र्य नव्हे तर डॉक्टरांवरील कामाचा बोजा मोजतो, असा आक्षेप घेतला गेला. पीटर टाउनसेंड व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये बेरोजगारी, दाटीची घरे, स्वतःचे घर नसणे व मोटार नसणे या चारच घटकांवर निर्देशांक बेतला. दुसरा प्रवाह आपत्ती-भूगोलाचा, म्हणजे आपत्तीचा फटका कोठे व कोणाला अधिक बसेल याच्या अभ्यासाचा. सुसान कटर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील काउंट्यांसाठी (जिल्ह्यासारख्या विभागांसाठी) ४२ चलांचा (मोजता येणाऱ्या घटकांचा) निर्देशांक प्रसिद्ध केला. तेथील रोग नियंत्रण केंद्राशी (सीडीसी) संबंधित अभ्यासकांचा सामाजिक असुरक्षितता निर्देशांक २०११ च्या सुमारास आला. वाचा-उपचाराच्या नियोजनाला पहिला प्रवाह अधिक जवळचा मानावा लागतो. जारमन गुणांक १९९० पासून डॉक्टरांच्या मोबदल्याशी जोडला गेला होता, आणि सेवेचे वाटप करताना कामाचा बोजा हेच तर पाहायचे असते.

सीडीसीच्या निर्देशांकाच्या २०२० च्या आवृत्तीत चार गटांत १६ चले आहेत. प्रत्येक जनगणना-क्षेत्राला शून्य ते एक यांमधील शतमान स्थान (इतर क्षेत्रांच्या तुलनेतील क्रम) मिळते. चलांना वेगवेगळे भार दिलेले नाहीत. यातील एकही चल वाचादोष मोजत नाही. इंग्रजी नीट न बोलता येणाऱ्यांचे प्रमाण त्यात आहे. पण त्यावरून दुभाषाची गरज कळते, विकार नव्हे. द्विभाषिक मुलाला सदोष ठरविण्याची चूक येथूनच होऊ शकते. घरी वाहन नसणे हे चल अधिक कामाचे, कारण उपचारासाठी आठवड्यामागून आठवडे यावे लागते.

निर्देशांकाचा खरा उपयोग अपेक्षित व प्रत्यक्ष रुग्णसंख्येतील तफावत शोधण्यात आहे. अमेरिकेत आयोवा व लगतच्या भागातील १९९७ च्या सर्वेक्षणात बालवाडीतील ७.४ टक्के मुलांत ‘विशिष्ट भाषादोष’ (श्रवणदोषासारखे दुसरे कारण नसताना भाषा मागे पडणे) आढळला, पण त्याची कल्पना आधी दिली गेल्याचे त्यांपैकी २९ टक्क्यांच्याच पालकांनी सांगितले. असुरक्षित वस्तीतून मुले कमी पाठवली जात असतील, तर तेथे विकार कमी आहे असे समजणे धोक्याचे ठरते. जेथे गरज जास्त तेथे चांगली सेवा कमी, हा ‘व्यस्त सेवा नियम’ ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडला होता. मात्र क्षेत्राचा गुणांक व्यक्तीला लावता येत नाही. क्षेत्रनिहाय सहसंबंधावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातील दोष डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिला.

ऑस्ट्रेलियातील बालविकास गणना (२००९ पासून दर तीन वर्षांनी) मुलांची भाषा थेट पाहण्याच्या बाबतीत उजवी ठरते. शाळेच्या पहिल्या वर्षातील मुलांविषयी शिक्षक माहिती भरतात. पाच क्षेत्रांपैकी दोन भाषा व संवादाशी निगडित आहेत. तिचा आराखडा कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेल्या साधनावर आधारलेला आहे.

भारतात २०११ च्या जनगणनेने सुमारे २० लाख लोकांना वाचा-अपंगत्व असल्याचे नोंदले. त्यांपैकी जवळपास ४.७ लाख महाराष्ट्रातील. देशाच्या लोकसंख्येत राज्याचा वाटा मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास. इतका फरक विकाराच्या प्रमाणापेक्षा नोंदीच्या पद्धतीमुळे पडला असण्याचा संभव अधिक. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातील विलंब व श्रवणदोष यांची तपासणी होते, आणि पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पाठवले जाते.