चकमकीची रायफल घरी बांधताय? पेनसिल्व्हेनियात परवाना नेमका कशाला लागतो

पेनसिल्व्हेनियातल्याच बोल्टनच्या हेन्री बंदूक कारखान्याने अमेरिकन फर कंपनी या फरच्या व्यापारी कंपनीला पुरवलेल्या चकमकीच्या रायफलीची प्रतिकृती या राज्यात स्वतःसाठी बांधायला कुठलाही फॉर्म नाही. तोंडातून ठासायची, काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी रायफल 1968 च्या फेडरल कायद्यात ‘अँटिक’ धरतात, ‘फायरआर्म’ नाही. म्हणून एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्याची फेडरल बंदीही तिला लागू होत नाही.

पण ही सूट टिकते ब्रीचवर, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकावर. आधुनिक रायफलीचा रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मूळ सांगाडा) वापरलात, किंवा नळी वा ब्रीच बदलून सहज काडतूस चालेल अशी रचना ठेवलीत, तर सूट गेली. नळीचं मागचं टोक बंद करायला आट्यांचा साधा प्लग बसवा. त्याचं तोंड नळीतल्या खांद्याला पूर्ण टेकलं पाहिजे. फट राहिली की काजळी साठते, ओल धरते, नळी आतून गंजते. रंजकाचं छिद्र (ठिणगीने पेटलेली आग नळीत शिरते ते), साधारण 1/16 इंच, प्लगच्या तोंडापुढेच पाडा. दस्ता चढवण्याआधी या जोडाचा फोटो काढा आणि किटच्या (सुट्या भागांच्या संचाच्या) बिलासोबत जपून ठेवा.

परवाना लागतो तो शिकारीला, आणि लोक काउंटरवरून परत पाठवले जातात ते तिथेच. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याकडे हंटर-ट्रॅपर एज्युकेशन या शिकारीच्या प्रशिक्षण कोर्सचं प्रमाणपत्र हवं. दुसऱ्या राज्याचं चालतं, पण भारतातल्या रायफल क्लबचं पत्र त्याची जागा घेत नाही. कोर्स उन्हाळ्यातच उरका. साध्या शिकार परवान्यावर मझललोडर (ठासणीच्या बंदुकीचा) परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगेलच असं नाही. तुम्हीच विचारा.

तारखेचा घोळ दरवर्षी होतो. फ्लिंटलॉक म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा शिकार हंगाम नाताळनंतर सुरू होऊन जानेवारीत जातो, म्हणून परवाना 31 डिसेंबरला संपला असं समजून माणसं घरी बसतात. परवाना वर्ष 1 जुलै ते 30 जून असतं, तेव्हा खुशाल जा. या हंगामात रायफलीच्या नळीचा व्यास (कॅलिबर) .44 इंच किंवा मोठा हवा; .54 ची नळी निवडलीत तर प्रश्नच नाही. घोड्यात खरा गारगोटीचा दगड लावा. टोपीवर (घोडा आपटून फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) उडणारी ठासणी इथे चालत नाही.

राज्य बदललं की कायदा बदलतो. न्यू जर्सीत ही फेडरल सूट गृहीत धरू नका. तिथे बार उडवता येणाऱ्या ठासणीच्या रायफलीलाही पोलिसांकडून मिळणारं बंदूक खरेदीचं ओळखपत्र लागतं, आणि क्रमांक नसलेल्या किटवर वेगळा कडक कायदा आहे. ऑर्डर देण्याआधी वकिलाला विचारा. पूर्वी शिक्षा झालेल्यांनी तर कुठल्याही राज्यात विचारावंच.

ही रायफल सुट्टीला भारतात नेण्याचा विचार सोडा. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आयातीला आणि बाळगायला परवाना लागतो, बनवायलाही लागतो. बंदुकीची दारू तर विमानात कुठल्याच सामानात चालत नाही.