हँडहेल्ड जीपीएस: मेनूत साठलेला इतिहास

ट्रेकला न्यायचा हँडहेल्ड जीपीएस पहिल्यांदा चालू केला की सेटिंगचे पान चक्रावून टाकते. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन तऱ्हा, डेटमची (नकाशाच्या मोजणीच्या पायाची) लांबलचक यादी, वेपॉइंटची (नोंदवलेल्या जागेची) सरासरी, उंचीचे कॅलिब्रेशन, बॅटरीचा प्रकार. यातला जवळपास प्रत्येक पर्याय कधीतरी कुणाची तरी अडचण होता. ती अडचण ठाऊक असली की कुठल्या सेटिंगला हात लावायची गरज नाही आणि कुठले चुकले तर थेट कड्याच्या टोकाला नेऊन सोडेल, हे उमगते.

सुरुवात ऑक्टोबर १९५७ मधली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख स्पुटनिकची रेडिओवरची टिवटिव ऐकत होते. जवळ येताना आणि लांब जाताना तिची पट्टी बदलत होती. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे सहकारी फ्रँक मॅक्लूर यांनी गणित उलटे फिरवले: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे उभा आहे, हे सांगता येईल. त्यातून अमेरिकी नौदलाची ‘ट्रान्झिट’ यंत्रणा उभी राहिली आणि १९६४ मध्ये पाणबुड्यांसाठी वापरात आली. उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबायचे, मग पुढच्याची वाट बघायची. पायी चालणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता.

जीपीएसचा कार्यक्रम १९७३ चा, पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ चा. इथे पट्टीऐवजी वेळ मोजतात. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह ‘मी अमुक क्षणी इथे होतो’ असे सांगतो आणि संकेताला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. अंतरे तीन पुरली असती, पण हातातले घड्याळ स्वस्तातले असते. त्याची चूक हे चौथे अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह लागतात.

१ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत हवाई हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ जण गेले. त्यानंतर रेगन सरकारने जीपीएस नागरी वापरासाठी मोफत राहील, असे जाहीर केले. जीपीएस त्या दिवशीच जनतेला मिळाले असे सर्रास लिहिले जाते, ते खरे नाही. नागरी संकेताची सोय मूळ आराखड्यातच होती. घोषणेने मिळाली ती हमी.

बाजारात आलेले पहिले हँडहेल्ड म्हणजे १९८९ चे मॅगेलन नॅव्ह १०००. किंमत सुमारे ३ हजार डॉलर. तेव्हा आकाशात पुरेसे उपग्रहही नव्हते. चार एकाच वेळी कधी दिसतील, ते बघून बेत आखावा लागे. २४ उपग्रहांचा पूर्ण ताफा कार्यान्वित झाल्याचे १९९५ मध्ये जाहीर झाले.

त्यातच १९९० पासून अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळू लागले. एका जागी ठेवलेले यंत्र तासाभरात पडद्यावर शंभर-शंभर मीटरच्या रेघोट्या ओढी. ही चूक हळूहळू सरकणारी असल्याने दोन-पाच मिनिटांची सरासरी काढून काही सुधारत नसे, तासन्‌तास बसावे लागे. वेपॉइंटच्या सरासरीची सोय त्या काळात रुजली. १ मे २००० च्या मध्यरात्री, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार, ही भेसळ बंद झाली आणि चूक शंभरावरून दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी ऑरेगनमध्ये एकाने बादलीत वस्तू भरून रानात ठेवल्या, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, आणि लपवलेल्या वस्तू शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ सुरू झाला. आज सरासरी काढायची ती पाण्याचे टाके किंवा वाटेचे तोंड यांसारख्या नेमक्या जागांची, दोन-तीन मिनिटे. जमल्यास तासा-दीड तासाने पुन्हा एकदा, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते.

त्याच वर्षी गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स आला. दोन पेन्सिल सेल, बारा चॅनेल, खिशात मावणारा. सह्याद्रीत खरी अडचण मात्र नकाशाची होती. किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे सर्व्हे ऑफ इंडिया सर्रास विकत नसे, आणि घाटमाथ्याचा बराच भाग याच पट्ट्यात येई. कुणाकडे जुनी टोपोशीट, म्हणजे असा नकाशा, असलीच तर ती एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर, आखलेली. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या डेटममध्ये बोलतो. सह्याद्रीत या दोहोंत शे-सव्वाशे मीटरची तफावत पडते. जुनी शीट वापरायची तर डेटम ‘इंडियन बांगलादेश’ ठेवायचा. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेसाठी आणि इंटरनेटवरून आलेल्या कशासाठीही डब्ल्यूजीएस ८४. काम झाल्यावर डेटम परत न बदलणे ही नेहमीची चूक.

त्याहून जास्त घात करते ती लिहिण्याची तऱ्हा. समजा कुणी १९°२३.४५०' पाठवले आणि ते १९ अंश, २३ मिनिटे, ४५ सेकंद असे भरले गेले. मुळात ०.४५ मिनिट म्हणजे २७ सेकंद. फरक १८ सेकंदांचा, जमिनीवर साडेपाचशे मीटर. कोकणकड्याच्या आसपास तेवढ्यात पठार संपून हवा सुरू होते. उत्तर दिशा चुंबकीय ठेवायची की खरी, याची काळजी मात्र नको. सह्याद्रीत दोन्हींत एक अंशाचाही फरक नाही.

सुरुवातीच्या यंत्रांना कारवीच्या रानात आणि नाळेत, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीत, शिरले की मुकेपण येई. २००६ च्या सुमारास गार्मिन ६० सीएसएक्ससारख्या यंत्रांत सर्फस्टार ३ ही संवेदनशील चिप आली आणि झाडोऱ्यातही संकेत टिकू लागला. नाळेचे दुखणे वेगळे. आकाशाची एक चीरच दिसते, सगळे उपग्रह एका रांगेत येतात, शिवाय कातळावरून परावर्तित संकेत लांबून आल्यासारखा भासतो. अशा वेळी ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, भिंतीतून आरपार गेलेला दिसतो. यंत्र धरण्याची पद्धतही महत्त्वाची: ईट्रेक्सचा अँटेना चपटा, म्हणून पडदा आकाशाकडे, वर खुंटी असलेल्या ६० किंवा ६४ चा अँटेना गुंडाळीचा, म्हणून उभा. कमरेला लटकवले की अर्धे आकाश अंगाआड जाते.

उंचीचा घोळ आपल्याकडे विशेष जाणवतो. उपग्रहांचे गणित गुळगुळीत गोलाभापासून उंची देते, आणि पश्चिम भारतात समुद्रसपाटी त्या गोलाभाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. हँडहेल्ड ही दुरुस्ती आतल्या आत करतो. मोबाइलची काही अ‍ॅप करत नाहीत, म्हणून १६४६ मीटरच्या कळसूबाईवर १५८० च्या आसपासचा आकडा दिसतो. वायुदाबावर चालणारा उंचीमापक पायथ्याला ज्ञात उंचीवर लावून घ्यावा. हवेचा दाब एक मिलिबार घसरला की उंची आठ-नऊ मीटर वाढलेली दिसते. पावसाळ्यात रात्रभराच्या मुक्कामात तंबू जागच्या जागी वीस मीटर ‘चढतो’ तो असा.

२००२ मध्ये जीपीएक्स ही सामाईक फाइल-पद्धत आली आणि घाटवाटांचे ट्रॅक हातोहात फिरू लागले. जुन्या यंत्रांचा एक दोष मात्र त्यात शिल्लक आहे: ट्रॅक ‘सेव्ह’ केला की यंत्र बिंदू गाळून मोजकेच ठेवी आणि वेळेच्या नोंदी पुसून टाकी. अशा ट्रॅकवरची वळणे सरळ झालेली असतात, घळीतली नागमोडी वाट धोपट उतरलेली दिसते. बिंदू विरळ आणि वेळ गायब दिसली तर तो ट्रॅक फक्त दिशेपुरता धरावा.

जुने यंत्र आज चालू केल्यास तारीख कित्येकदा वीसेक वर्षे मागची दिसते. जीपीएस तारीख आठवडे मोजून ठरवतो आणि हा मोजणीकाटा १०२४ आठवड्यांनंतर शून्यावर येतो. ते १९९९ आणि २०१९ मध्ये घडले, पुढचे २०३८ मध्ये. स्थान बहुधा बरोबरच येते, पण नोंदी खोट्या तारखेने पडतात. बरीच वर्षे बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचे पंचांग (कुठला उपग्रह कधी कुठे असेल, ती माहिती) नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात, तेव्हा ते उघड्यावर ठेवून तेवढे थांबावे. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. बॅटरीचा प्रकार ‘अल्कलाइन’वरच राहिला तर भरलेले सेलही अर्धे दिसतात.

एक गोष्ट खरेदीपूर्वी बघावी. साधा जीपीएस फक्त ऐकतो. दिसायला तसाच, पण इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवणारा सॅटेलाइट मेसेंजर बोलतोही, आणि तो भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून हँडहेल्ड मागवताना खोक्यावर ‘इनरीच’ हे गार्मिनच्या अशा मेसेंजरचे नाव आहे का ते आधी विचारावे. ट्रेकिंगला आलेल्या परदेशी पाहुण्यांना याच कारणाने आपल्या विमानतळांवर अडवले गेले आहे.