सोलापूरचा बँड

वरात, पालखी, जयंतीची मिरवणूक आणि गणपती विसर्जन अशा प्रसंगी रस्त्याने चालत वाजवणारे पितळी वाद्यांचे आणि ढोलांचे पथक. बोलण्यात ‘बँड’ किंवा ‘बँडपार्टी’, प्रमुखाला ‘मास्तर’ आणि ठरवलेल्या कामाला ‘सुपारी’ म्हणतात.

ही वाद्ये इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून गावागावांत उतरली. सोलापूरच्या जवळ दोन्ही होते. सदर बझार हा जुन्या छावणीचा भाग, तर अक्कलकोटचे संस्थान शेजारचे. 1877 साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाल्यावर शहर वाढत गेले आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्यांचे सणवार एकाच रस्त्यावर येऊ लागले. वाजवणारे हात इथे आधीपासून होतेच. हलगी मातंग समाजाकडे, तर सनई, सूर (सनईला एकच स्वर धरून साथ देणारे वाद्य), संबळ ही होलार आणि कोरवी समाजांकडची वाद्ये. बँडमधले बरेच कलाकार याच घरांतून आणि मुस्लिम वादक कुटुंबांतून आले. मिरवणुकीची शोभा त्यांच्या श्वासावर उभी राहिली, पण पंगतीत त्यांना मानाची जागा क्वचितच मिळाली.

पंधरा जणांच्या पथकाची साधारण मांडणी अशी: क्लॅरिनेट 2, ट्रंपेट 4, युफोनियम 3, सॅक्सोफोन 1, साइड ड्रम 2, मोठा ढोल, झांज आणि खुळखुळा प्रत्येकी 1. मेरठच्या जली कोठी भागात तयार झालेली वाद्ये देशभरातल्या बँडांत दिसतात. लष्करी बँडमध्ये प्रत्येक वाद्याला वेगळी स्वरावली लिहून दिलेली असते. लग्नाच्या बँडमध्ये सगळे एकच चाल वाजवतात आणि युफोनियम ती खालच्या सप्तकात धरतो. क्लॅरिनेटवर बोट भोकावरून हळूहळू सरकवून आणि ओठ सैल करून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) काढता येते, पिस्टनच्या (बोटाने दाबायच्या कळांच्या) ट्रंपेटवर ती तशी निघत नाही. म्हणून अंतरा मास्तरच्या क्लॅरिनेटकडे आणि मुखडा सगळ्यांकडे, अशी वाटणी झाली. तिचा दुसरा फायदा मोठा आहे: अंतरा चालू असताना ट्रंपेटवाल्यांच्या ओठांना विसावा मिळतो. दोन तासांच्या वरातीत चारही ट्रंपेट सतत वाजवले, तर शेवटी वरचे स्वर फुटू लागतात. स्वर चढेना म्हणून मुखनळी ओठांवर दाबली की ओठ सुजतो आणि दुसऱ्या दिवशीची सुपारी बुडते. जाणते मास्तर ट्रंपेटच्या दोन जोड्या करून आळीपाळीने वाजवायला लावतात.

नेहमीच्या ट्रंपेटचा मोकळा, म्हणजे एकही पिस्टन न दाबता निघणारा स्वर पेटीची काळी पाच. तोच सा धरला तर पिस्टन असे पडतात: सा मोकळा, रे पहिला व तिसरा, ग पहिला व दुसरा, म पहिला, प मोकळा, ध पहिला व दुसरा, नी दुसरा, वरचा सा मोकळा. सा, प आणि वरचा सा बोट न लावता, नुसत्या ओठांच्या ताणावर निघतात. नवशिक्याचे पहिले काही आठवडे यातच जातात.

सोलापूरच्या हवेत दोन गोष्टी छळतात, धूळ आणि ऊन. थुंकीत धूळ मिसळून वाळली की पिस्टन अडकतो. तो काढून कोमट पाण्याने धुवावा, कोरडा पुसावा आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. खोबरेल लावण्याची सवय वाईट, कारण जानेवारीच्या पहाटे ते थिजते. पिस्टन परत बसवताना 1, 2, 3 हे आकडे पाहावेत; अदलाबदल झाली तर फुंकलेली हवा मध्येच अडते आणि वाद्य बिघडले असा समज होतो. उन्हात वाद्य तापले की सूर चढतो. ट्रंपेटची मुख्य सरकती नळी थोडी बाहेर ओढून तो उतरवतात. सोबत हातगाडीवर कीबोर्ड असेल तर हे करावेच लागते, कारण कीबोर्डचा सूर हलत नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी (रीड) वाळून वाकते, म्हणून वाजवण्याआधी तोंडात भिजवून घेतात. सांधा सुटल्यास डाग देऊन घ्यावा. चिकटपट्टीने काम भागते ते वेशीपर्यंतच.

वर्षाचे काम सारखे नसते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते आणि सात नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत हलग्या, सनई-चौघड्याबरोबर बँडही असतो. पुढे शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसवेश्वर जयंती. चातुर्मासात लग्ने थांबतात. तेव्हा शहराच्या पूर्व भागातील नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि गणपतीवर भागवावे लागते. एकेकाळी रात्रीच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका-पोरांची रांग बँडच्या दोन्ही बाजूंना असे. आता जनरेटरची गाडी असते.

डीजेने बँडचे काम खाल्ले हे खरे, पण ते सरसकट नव्हे. परण्या (लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक) आणि देवदर्शनाला अजूनही बँडच लागतो. 2020 मध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली आणि ऐन हंगामातल्या सुपाऱ्या गेल्या. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 बँडलाही लागू आहेत: रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ढोल व ट्रंपेट वाजवता येत नाहीत, आणि रात्री 10 नंतर वरात लांबली तर बँड बंद करावा लागतो.

सुपारी घेताना इसार, माणसांची संख्या, तास, मार्ग आणि जनरेटर कोणाचा हे लिहून घेतात. तंटा होतो तो बहुधा तासांवरून. नवरदेवाच्या मित्रांचे नाचणे चौकात अर्धा तास रेंगाळते आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. ओवाळून टाकलेल्या नोटा कोणाच्या, हेही आधीच ठरवलेले बरे. बहुतेक पथकांत त्या एकत्र करून काम संपल्यावर वाटून घेतात.