श्वासावर मन टिकत नाही? पायांवर टिकवून बघा

ध्यान म्हटलं की मांडी घाला, डोळे मिटा, श्वासाकडे बघा, एवढंच आपल्याला माहीत असतं. आणि मग दोन मिनिटांत मन ऑफिसच्या मेलवर नाहीतर उद्याच्या डब्यावर जातं आणि माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्याला काही हे जमायचं नाही. पण मन भटकणं हा काही तुमचा एकट्याचा प्रॉब्लेम नाहीये. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं की आत्ता मन कुठे आहे, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हतंच. हे २०१० सालचं, म्हणजे रील्स यायच्या आधीचं.

अमेरिकेत एमरी विद्यापीठात सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय मशीनमध्ये ध्यानाला बसवलं (खरं तर झोपवलं) आणि सांगितलं, मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबा. भटकताना मेंदूतलं डिफॉल्ट मोड नेटवर्क (मन स्वतःच्याच विचारांत रमतं तेव्हा चालणारं जाळं) चालू असायचं, 'अरे, कुठे गेलो होतो' हे कळलं की इन्सुला आणि त्याच्या जोडीने चालणारे मेंदूचे भाग जागे व्हायचे, आणि मन परत आणताना कपाळामागचा भाग कामाला लागायचा. म्हणजे भटकणं, कळणं, परत येणं ही अख्खी फेरीच सराव आहे, आणि परत यायला खुंटी श्वासाचीच हवी असं काही नाही. येलच्या जडसन ब्रूअर यांनी २०११ मध्ये एकाग्रतेचं, मैत्रीभावनेचं आणि जे येईल ते नुसतं बघायचं अशा तीन प्रकारचं ध्यान तपासलं, तर अनुभवी लोकांमध्ये तिन्हींत ते नेटवर्क थंडच दिसलं. माणसं डझनभरच होती हेही सांगायला हवं.

काहींना तर श्वास नकोच असतो. घाबरायची सवय असलेल्या माणसाने श्वासाकडे बघितलं की तो श्वास ओढायलाच लागतो, छाती भरल्यासारखी वाटते, आणखी घाबरतो. अशांनी सरळ चालावं. आपल्या इंदूरच्या रीजनल पार्कमध्ये पिपल्यापाला तलावाच्या काठाने सकाळी जाताच ना, मग इअरफोन काढून दहा मिनिटं फक्त तळवे: टाच टेकली, वजन पुढे सरकलं, अंगठा उचलला. स्पीड जरा कमी, बाकी कोणाला कळणारही नाही.

आवाजावरही होतं. इंदूरमध्ये ध्यानाला बसलं की नेमकी कचरागाडी गाणं वाजवत येते आणि लोक वैतागतात, मी म्हणतो तीच घ्या ना. लांबून बारीक येतं, दाराशी मोठं होतं, मग गल्लीच्या वळणावर विरतं, तेवढं शेवटपर्यंत ऐकायचं (ओला-सुका डबा मात्र आधी बाहेर ठेवा, नाहीतर मन तिथेच).

आणि खाणं! जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल सेंटरमध्ये ध्यानाचा जो कोर्स सुरू केला त्यात एक बेदाणा पाच-दहा मिनिटं बघत, हुंगत, चावत खायला देतात. आपल्याला बेदाणा कशाला, थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) आहे. पहिला तुकडा बोटांना चटका देतो, वरून कुरकुरीत, आत पिठूळ, मग लिंबू, मग जिरावण मसाला नाकात जातो. एकच तुकडा असा खा, बाकीचे गप्पा मारत खाल्ले तरी चालतील.

आता फायदा किती? २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या तर चिंता, नैराश्य, दुखणं यांत लहान ते मध्यम फरक दिसला, पण व्यायाम किंवा औषधापेक्षा भारी असं काही निघालं नाही. २०२२ च्या एका चाचणीत चिंतेच्या आजारावर कबाट-झिन यांचा तो कोर्स एस्सिटालोप्रॅम गोळीच्या तोडीस तोड ठरला, मात्र तिथे आठवड्याला अडीच तासांचा क्लास आणि रोज घरी ४५ मिनिटं होती, ॲपवरची पाच मिनिटं नव्हेत. त्यामुळे हे वाचून चालू गोळी बंद करू नका, आणि जुन्या आघाताच्या आठवणी वर येऊन त्रास व्हायला लागला तर डोळे उघडून उठा आणि डॉक्टरांशी बोला.